चार ऋतू, चार व्हायोलिनवादक, एक मुंबईकर

विवाल्डीच्या ‘फोर सीझन्स’च्या ध्वनिमुद्रणांना तोटा नाही. मुंबईकरांनी त्यातलं एक तरी ऐकावंच : डिसेंबर १९८२ मध्ये तेल अवीवच्या ह्यूबरमन महोत्सवात झालेलं. वाद्यवृंद इस्रायल फिलहार्मोनिक, संचालक मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. शिवाय प्रत्येक ऋतूला वेगळा एकल वादक! वसंत आयझॅक स्टर्नकडे, ग्रीष्म पिंकस झुकरमनकडे, शरद श्लोमो मिंट्झकडे आणि हिवाळा इत्झाक पर्लमनकडे.

वाद्यं आधुनिक आहेत. बरोक काळातल्या व्हायोलिनचा सडसडीत नाद इथे शोधू नये.

वसंताच्या संथ भागात एकल व्हायोलिन झोपलेला मेंढपाळ रंगवतं आणि खाली व्हायोला ठसक्यात दोन-दोन सुरांनी भुंकत राहतो. १७२५ साली ॲमस्टरडॅमला छापलेल्या स्वरलिपीत तिथे चक्क कुत्र्याचा उल्लेख आहे. हिवाळ्याच्या मधल्या भागात छेडलेल्या तारांतून पाऊस टपटपतो. ग्रीष्माचा शेवट मात्र वादळाचा. पवई तलावावर पहिली सर कोसळत असताना तोच लावावा.

झुबिन यांचे वडील मेहली हे स्वतः व्हायोलिनवादक. १९३५ साली त्यांनीच बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता.