इंग्रजी चांदीचीं जुनीं वाढपाचीं भांडीं

कोपरगांवचें नांव निघालें कीं राघोबादादांची आठवण सहजच होते. १७७५ सालीं सुरतेस इंग्रजांशीं तह करणारे राघोबादादा १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर गोदाकांठीं कोपरगांवीं येऊन राहिले आणि १७८३ च्या डिसेंबरांत निवर्तले. ज्या इंग्रजांवर त्यांची भिस्त होती, त्यांच्या देशांत याच सुमारास चांदीच्या भांड्यांची कला भरास आली होती. त्या काळचें एखादें भांडें समोर आल्यास तें राघोबादादांच्या हयातींतलें कीं नंतरचें, हें त्याच्या पाठीवरून सांगतां येतें.

शुद्ध चांदी मऊ पडते. म्हणून १००० भागांत ९२५ भाग चांदी व उरलेलें बहुधा तांबें, असा कस इंग्लंडांत रूढ झाला. १८३५ च्या कंपनी सरकारच्या रुपयांत हेंच प्रमाण सुमारें ९१७ होतें. कारागीर चांदीचा सपाट पत्रा लोखंडी ठोकळ्यावर धरून हातोडीनें त्याला खोलगट आकार देई. ठोक्यांनीं धातु कडक होई. मग ती तापवून पुन्हां नरम करावी लागे. पुण्याच्या तांबट आळींतील मठारकामाशीं या कामाचें नातें जुळतें. भेद इतकाच, कीं तांबट ठोक्यांची नक्षी मुद्दाम राखतो, तर इंग्रज कारागीर ती गुळगुळीत हातोडीनें मिटवून टाकी.

या भांड्यांत युक्तिहि होती. झांकण असलेल्या पुष्कळ वाढपाच्या भांड्यांची मूठ फिरवून काढतां येई. मग झांकण उलटें ठेवलें कीं तेंच दुसरें ताट होई. कांहीं भांड्यांखालीं ऊन पाण्यासाठीं पोकळ बैठक असे, त्यामुळें अन्न निवत नसे.

आतां पाठीवरचे छाप. चालता सिंह हा कसाची खूण. तो १५४४ पासून आहे. बिबट्याचें मुख लंडनचें, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा आणि मुकुट शेफील्डचा. या दोन शहरांतील कस पाहण्याच्या कचेऱ्या १७७३ सालीं निघाल्या. शेजारीं कारागिराचीं आद्याक्षरें आणि दरवर्षीं बदलणारें एक अक्षर असतें. १७८४ च्या डिसेंबरांत चांदीवर औंसामागें ६ पेन्स कर बसला आणि कर भरल्याची खूण म्हणून राजाचें शिर उमटूं लागलें. अर्थात् ज्यावर हें शिर आहे, तें भांडें राघोबादादांच्या पश्चात् घडलेलें. मात्र शिर नाहीं म्हणून भांडें त्याहून जुनेंच, असें समजूं नये; १८९० सालीं हा छाप बंद झाला. साल नक्की ठरतें तें वर्षाच्या अक्षरावरून.

दिसण्यांत चांदी पण पोटांत तांबें, अशींहि भांडीं पुष्कळ. अठराव्या शतकाच्या मध्यास शेफील्ड येथें थॉमस बोलसोव्हर यांनीं तांब्यावर चांदीचा पत्रा उष्णतेनें एकजीव करण्याची रीत काढली. १८४० नंतर विजेच्या मुलाम्यानें तिची जागा घेतली. अशा भांड्याची कड झिजली कीं तांबूस रंग डोकावतो.

आपल्या घरांत चांदीचें मोल तोळ्यावर करण्याची चाल आहे. ३ औंस म्हणजे ८ तोळे, असा हिशेब करून जुनें भांडें आटवायला दिलें जातें. आटवल्यावर चांदी तेवढीच उरते. कारागिराचें नांव, गांव, साल आणि हातोडीचें काम मात्र कायमचें जातें. राखेनें वा चिंचेनें जोरानें घासल्यासहि छाप हळूहळू पुसट होतात. त्यासाठीं सौम्य साबणाचें कोमट पाणी आणि मऊ फडकें पुरें. सोनाराकडे जाण्यापूर्वीं भांडें एकदां उलटें करून उजेडांत पाहावें. तराजू जें सांगत नाहीं, तें तेथें लिहिलेलें असतें.