पत्र्याच्या कारागिराची कार्यशाळा

अकोल्याहून मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून अमरावतीस जाणारा जो महामार्ग पूर्वी सहा क्रमांकाचा म्हणून ओळखला जाई व हल्ली त्रेपन्न क्रमांकाचा म्हणून ओळखला जातो, त्याच्यावर २०२२ च्या जून महिन्यात एका मार्गिकेच्या हिशेबाने ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत अखंडपणे पार पडले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. वऱ्हाडच्या दृष्टीने ही निःसंशय अभिमानाची गोष्ट होय. परंतु रस्ता सुधारला म्हणजे वेग वाढतो, आणि वेग वाढला म्हणजे आदळलेल्या गाडीची इजा बाहेरच्या पत्र्यापुरती न राहता सांगाड्यापर्यंत जाऊन पोहोचते. अशा गाड्या ज्यांच्या दारात आणून सोडल्या जातात, त्या डेंटिंग-पेंटिंगच्या कार्यशाळांची मांडणी कशी असावी, याचा विचार गाडीच्या मालकाने, विमा कंपनीने व खुद्द मिस्त्रीनेही आजवर केला आहे त्याहून पुष्कळच गांभीर्याने व्हावयास हवा.

या कलेचे मूळ साधन आजही हातोडी व डॉली हेच आहे. पत्र्याच्या आतल्या अंगाने पोलादी डॉली टेकवून, बाहेरून हलके पण नेमके ठोके देत मुरब्बी मिस्त्री खळग्याच्या कडेकडून मध्याकडे सरकत जातो, आणि मधूनमधून तळहात फिरवून, डोळ्यांस न दिसणारा उंचवटा बोटांनी हेरतो; ज्याला हे साधले त्याला लांबी (पुट्टी) थोडकी लागते, ज्याला साधले नाही तो तिचे थर थापून दोष झाकतो. असे कसब अंगी असलेला माणूस स्वतःची कार्यशाळा थाटू लागला, की बहुधा पहिल्याने कॉम्प्रेसर, स्प्रे गन आणि दर्शनी फलक यांवर पैसा खर्च करतो, आणि जमीन, गॅस व हवा यांचा बंदोबस्त उरल्यासुरल्या रकमेवर सोपवतो. माझ्या मते हा क्रम पुरता उलटा आहे.

जमिनीचेच पाहा. वऱ्हाडची काळी माती कपाशीला मानवते, इमारतीला मानवत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावर थेट ओतलेले काँक्रीट लवकरच तडकते. दोन खांबांची लिफ्ट ज्या बोल्टांच्या जोरावर टन-दीड टनाची गाडी माणसाच्या डोक्यावर धरून ठेवते, त्या बोल्टांची पकड अशा तडकलेल्या काँक्रीटमध्ये टिकेल याची हमी कोण देणार? म्हणून कठीण मुरूम लागेपर्यंत काळी माती उपसून, मुरुमाचे थर दाबून, त्यावर लिफ्ट बनवणाऱ्याने सांगितलेल्या जाडीचेच काँक्रीट घातले पाहिजे. तेवढी ऐपत नसेल तर लिफ्ट तूर्त बसवू नये. मात्र नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली, लोखंडी घोड्या न लावता, शिरण्याचा दस्तूर आजच्या आज बंद व्हावा.

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि त्याच उन्हात पत्र्याच्या कुडाला टेकवून ठेवलेले सिलिंडर मी पाहिले आहेत. ते सावलीत, उभे आणि भिंतीला साखळीने बांधलेले असावेत. ॲसिटिलीन हा वायू सिलिंडरातील सच्छिद्र भरावात मुरवलेल्या ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवलेला असतो. सिलिंडर आडवा करून वापरल्यास वायूबरोबर ॲसिटोनही नळीत उतरते. ऑक्सिजनच्या झडपेला तेलकट हात लावणे तर त्याहून घातक, कारण दाबाखालील ऑक्सिजनात तेल ठिणगीवाचूनही पेटू शकते. जिनिंगच्या आवारात शिरताना विडी-काडी फाटकाबाहेर ठेवावी लागते, हे ज्या प्रांतातील मजूर पिढ्यान्‌पिढ्या जाणतो, त्याच प्रांतात थिनरच्या उघड्या डब्याशेजारी वेल्डिंगच्या ठिणग्या उडाव्यात, याचे मला फार वाईट वाटते. थिनरची वाफ हवेहून जड असल्यामुळे ती वर न जाता जमिनीलगत सरपटत खड्ड्यात साचते, आणि तिथवर ठिणगी पोहोचण्याचाच अवकाश असतो.

तथापि सर्वांत मोठी जोखीम डोळ्यांना दिसत नाही. हल्लीचा टिकाऊ रंग दोन डब्यांतून येतो. एकात रंग वा लॅकर, दुसऱ्यात हार्डनर, आणि या हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गातील द्रव्ये असतात. मिस्त्री मापाच्या पेल्यात दोन्ही ओततो, काडीने ढवळतो, गनच्या वाटीत गाळतो, तोंडाला दुपट्टा गुंडाळतो आणि फवारू लागतो. दुपट्टा धूळ अडवतो, ही द्रव्ये अडवत नाही. शिवाय त्यांचा वास येत नाही म्हणजे धोका नाही असेही नव्हे. यातून जडणारा दमा असा दुष्ट, की एकदा तो अंगात शिरला म्हणजे पुढे अत्यल्प मात्रेनेही धाप लागते व कसबी माणसाला धंदाच सोडावा लागतो. यास्तव रंगाची खोली निराळी असावी, तिची हवा गाळणीतून खेचून बाहेर टाकली जावी, आणि फवारणाऱ्याच्या तोंडावर नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा असावा. कॉम्प्रेसरची तेलकट हवा त्या नळीत थेट सोडून चालत नाही. श्वसनासाठी ती वेगळी गाळावी लागते.

वाकलेला सांगाडा साखळीने ओढण्याच्या बाकाविषयी इतकेच, की साखळीवर ताण असताना तिच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. आजच्या गाडीच्या खांबांना जे अतिबळकट पोलाद वापरतात, त्याचे बळ कारखान्यातील उष्णसंस्कारातून आलेले असते. मिस्त्रीने ते गॅसच्या ज्योतीने लाल केले, की खांब दिसायला सरळ होतो आणि पुढच्या अपघातात दगा देतो. असा खांब गाडी बनवणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे कापून, बदलून, त्याने ठरवून दिलेल्या वेल्डिंगनेच जोडला पाहिजे. एअरबॅगजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरी सोडवून काही मिनिटे थांबणे हेही त्याच शिस्तीत येते.

ज्वालाग्राही वाफ व धूळ यांविषयी २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३७ होते. परंतु लहान गॅरेजांत कामगारांची संख्याच इतकी थोडी, की ती बहुधा त्याच्या कक्षेत येत नसत, व तपासणीस कोणी फिरकत नाही. विम्याच्या अंदाजपत्रकात मजुरी, रंग, सुटे भाग यांच्या बाबी असतात, मुखवट्याच्या गाळण्यांची नसते. अकोला व अमरावती येथील गॅरेजवाल्यांनी एकमताने ही बाब प्रत्येक अंदाजपत्रकात स्वतंत्र लिहावी आणि सर्वेक्षकाने ती विनातक्रार मंजूर करावी, अशी माझी सूचना आहे. आणि गाडी ताब्यात देण्यापूर्वी मालकाने रंगाची खोली पाहण्यास मागितली, तर मिस्त्रीने त्यात अपमान मानू नये.