मेनोत्ती की बिलार्दो?

सेझार लुइस मेनोत्ती आणि कार्लोस बिलार्दो दोघंही १९३८ सालचे. दोघांनीही अर्जेंटिनाला विश्वचषक जिंकून दिला. मेनोत्तींनी १९७८ मध्ये मायदेशात, बिलार्दोंनी १९८६ मध्ये मेक्सिकोत. पण फुटबॉल कसा खेळावा या एका प्रश्नावर या दोघांचं कधी पटलं नाही, आणि त्यांच्यापायी अख्ख्या देशाचे दोन तट पडले. मेनोत्तींच्या मते फुटबॉल ही सामान्य माणसाची कला आहे. आठवडाभर राबून मैदानावर आलेल्या माणसाला आनंद मिळाला पाहिजे, म्हणून चेंडू जमिनीवर ठेवून, पासमागून पास देत, हुलकावण्या देत खेळायचं. बिलार्दोंचा हिशेब सरळ होता. मैदानात उतरायचं ते जिंकायला. दुसऱ्या क्रमांकाची आठवण कोणी ठेवत नाही.

फुटबॉल खेळायची एखादी योग्य पद्धत असते का, हे तपासायचं तर अर्जेंटिनाकडेच जावं लागतं. हा वाद तिथे शंभर वर्षं चालला आहे. तो वर्तमानपत्रांत झाला, राजकारणात शिरला आणि एकदा तर थेट तुरुंगापर्यंत गेला.

खेळ तिथे आणला ब्रिटिशांनी. स्कॉटलंडहून आलेले शिक्षक अलेक्झांडर वॉटसन हटन यांनी ब्वेनोस आइरेसमध्ये शाळा काढली आणि १८९३ मध्ये लीग सुरू केली. सुरुवातीचे विजेते संघ इंग्रजी नावांच्या खेळाडूंचेच होते. पुढे इटली आणि स्पेनमधून आलेल्या स्थलांतरितांची पोरं खेळू लागली, तेव्हा या खेळावर आपला हक्क सांगायची गरज निर्माण झाली. ते काम ‘एल ग्राफिको’ या साप्ताहिकाने केलं. बोरोकोतो या नावाने लिहिणाऱ्या संपादकाने १९२८ मध्ये एका पुतळ्याची कल्पना मांडली. मळक्या तोंडाचा, विस्कटलेल्या केसांचा, ठिगळांच्या कपड्यातला गल्लीतला पोरगा, आणि त्याच्या पायाशी चिंध्यांचा चेंडू. इंग्रज शाळेच्या हिरवळीवर शिस्तीत शिकतात, आमचा पोरगा पडीक जागेतल्या खाचखळग्यांत, गर्दीतून चेंडू काढत शिकतो, असा त्याचा रोख होता. या शैलीला नाव पडलं ‘ला नुएस्त्रा’, म्हणजे आपली पद्धत. मेनोत्तींचा सगळा युक्तिवाद या लेखनावर उभा आहे. म्हणजे ‘योग्य पद्धत’ मैदानावर सिद्ध होण्याआधी छापखान्यात तयार झाली होती, आणि ती तयार करणाऱ्यांना फुटबॉलइतकीच राष्ट्राच्या ओळखीची काळजी होती. पुढचे सगळे वाद इतके जिव्हारी का लागले, ते यावरून समजतं.

या श्रद्धेला तडा गेला १९५८ मध्ये, स्वीडनमध्ये. चोवीस वर्षांनी अर्जेंटिना विश्वचषकाला गेली होती. आदल्याच वर्षी लिमामध्ये दक्षिण अमेरिकेचं विजेतेपद पटकावलं होतं, ब्राझीलला ३-० असं हरवलं होतं. पण त्या संघातले मास्चिओ, अंजेलियो आणि सिवोरी हे तिघं इटलीतल्या क्लबांनी विकत घेतले आणि १९५८ च्या संघात त्यांना जागा मिळाली नाही. १५ जून १९५८ रोजी हेल्सिंगबोर्गला चेकोस्लोव्हाकियाने अर्जेंटिनाचा ६-१ असा धुव्वा उडवला. संघ परतला तेव्हा विमानतळावर लोकांनी खेळाडूंवर नाणी फेकली. खरं कारण साधं होतं. सर्वोत्तम तीन फॉरवर्ड संघाबाहेर ठेवले होते आणि उरलेल्यांची तयारी कमी पडली. पण देशाने निष्कर्ष काढला तो पद्धतीबद्दल. आपला खेळ जुनाट झाला, आता युरोपसारखं पळायला, अडवायला, धसमुसळेपणा करायला शिकलं पाहिजे, असं सगळे म्हणू लागले. एका निकालावरून अख्खी विचारसरणी फेकून द्यायची ही सवय पुढे प्रत्येक विश्वचषकानंतर दिसते, आणि फक्त अर्जेंटिनात दिसते असंही नाही.

ला प्लाता शहरातल्या एस्तुदियान्तेस या क्लबला ओस्वाल्दो सुबेल्दिया हे प्रशिक्षक मिळाले ते याच वातावरणात. या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे आणि त्याच्या संघाच्या एका सामन्याबद्दल तितकीच चीड. सुबेल्दियांनी १९६५ मध्ये डावपेचांवर सहलेखकासह पुस्तक लिहिलं होतं. कॉर्नर, फ्री किक, ऑफसाइडचा सापळा या गोष्टींचा सराव ते तासन् तास करून घेत. तोवर तिथे कॉर्नर म्हणजे गर्दीत उंच चेंडू टाकायचा आणि नशिबावर सोडायचं, असाच प्रकार होता. बोका, रिव्हर, रेसिंग, इंडिपेंदिएंते आणि सान लोरेन्सो या पाच बड्या क्लबांबाहेरचा कोणीही १९३१ पासूनच्या व्यावसायिक काळात विजेता झाला नव्हता. एस्तुदियान्तेसने १९६७ मध्ये ते करून दाखवलं आणि १९६८, १९६९ व १९७० अशी सलग तीन वर्षं दक्षिण अमेरिकेचा क्लब चषक नेला. लहान, कमी पैशाच्या संघाने अभ्यासाच्या जोरावर मोठ्यांना हरवणं यात कमीपणा कसला? त्या संघाच्या मधल्या फळीत वैद्यकशास्त्र शिकलेला एक खेळाडू होता, कार्लोस बिलार्दो.

मग आला २२ ऑक्टोबर १९६९ हा दिवस. आंतरखंडीय चषकाचा दुसरा सामना, ला बोंबोनेरा मैदान, समोर एसी मिलान. पहिल्या सामन्यात मिलानने ३-० अशी आघाडी घेतली होती. एस्तुदियान्तेस हा सामना २-१ असा जिंकला, पण एकूण गोलांत हरला. लक्षात राहिली ती मारहाण. मिलानचा नेस्तोर कोंबिन मूळचा अर्जेंटिनाचाच. कोपराच्या फटक्याने त्याचं नाक फुटलं, शर्ट रक्ताने भरला. वर लष्करी सेवा चुकवल्याच्या आरोपावरून त्याला पोलिसांनी ताब्यात घेतलं. देशाच्या हुकूमशहाने, जनरल ओंगानिया यांनी, एस्तुदियान्तेसच्या तीन खेळाडूंना तुरुंगात पाठवलं. त्या रात्री झालं ते फुटबॉलच नव्हतं, त्याला पद्धत म्हणण्यात अर्थ नाही. पण त्या रात्रीपासून लोकांनी सुबेल्दियांचा अभ्यास आणि ती मारहाण एकाच गाठोड्यात बांधली. बचाव करणारा तो गुंड, आणि देखणं खेळणारा तो सज्जन, अशी समजूत रुजली.

मेनोत्तींनी या समजुतीला तत्त्वज्ञान दिलं. रोसारियोचा हा उंच, लांब केसांचा, सतत सिगारेट ओढणारा माणूस कम्युनिस्ट पक्षाचा होता. १९७३ मध्ये त्यांच्या उराकान संघाने विजेतेपद मिळवलं ते इतक्या रसिकतेने खेळून की प्रतिस्पर्ध्यांच्या चाहत्यांनीही त्याची वाहवा केली. डाव्यांचा फुटबॉल उदार, सर्जनशील. उजव्यांचा भित्रा, निकालापुरता, माणसाला राबवून घेणारा, असा भेद ते करत. १९७४ मध्ये राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे आला आणि १९७६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. विश्वचषक झाला तो त्या राजवटीच्या छायेत. अंतिम सामन्याच्या मोन्युमेंताल मैदानापासून थोड्याच अंतरावर नौदलाच्या यांत्रिकी शाळेत छळछावणी चालू होती. तिथून जिवंत सुटलेल्यांनी पुढे सांगितलं की गोलनंतरचा जल्लोष कोठडीत ऐकू यायचा. मेनोत्तींनी नंतर म्हटलं, मी खेळाडूंना सज्जातल्या जनरलांसाठी नव्हे, गर्दीतल्या खाटीक-बेकरीवाल्यांसाठी खेळायला सांगितलं होतं. मला ते खरं वाटतं. तरीही चषक दिला तो राजवटीचे प्रमुख जनरल विदेला यांच्याच हातांनी. सुंदर खेळ आपोआप नैतिक होतो, हा मेनोत्तींच्या विचाराचा गाभा. तो त्यांच्याच सर्वांत मोठ्या विजयाने खोटा पाडला.

आणि खेळ तरी किती देखणा होता? इथे आठवणी बाजूला ठेवून धावफलक बघावा. १९७८ मध्ये सात सामन्यांत अर्जेंटिनाने १५ गोल केले. त्यातले सहा एकट्या पेरूविरुद्ध. त्या सामन्यात चार गोलांच्या फरकाने जिंकणं भाग होतं आणि निकाल ६-० लागला. त्याबद्दलचा संशय कधी सिद्ध झाला नाही, कधी पुसलाही गेला नाही. तो सामना वगळला तर सहा सामन्यांत नऊ गोल उरतात. बिलार्दोंच्या १९८६ च्या संघाने सात सामन्यांत १४ गोल केले. अंगावर घेतलेले गोल पाहिले तर मेनोत्तींच्या संघाचे चार, बिलार्दोंच्या संघाचे पाच. म्हणजे ‘कलावंतां’चा बचाव अधिक घट्ट होता आणि ‘हिशेबी’ संघ अधिक मोकळा खेळला. १९७८ च्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचा संघ मैदानावर उशिरा आला, डच खेळाडूंना गर्दीच्या गोंगाटात तिष्ठत ठेवलं, मग रेने व्हान डे केर्कहोफच्या हातावरच्या प्लास्टरवर आक्षेप घेऊन आणखी वेळ काढला. असली कुरापत बिलार्दोंच्या संघाने केली असती तर आजवर तिचे दाखले दिले गेले असते.

बिलार्दोंना मात्र त्यांची कीर्ती फार चिकटली. पात्रता फेरीत पेरूविरुद्ध शेवटच्या दहा मिनिटांत बरोबरी साधून ते मेक्सिकोला पोचले तेव्हा देशात त्यांची टिंगल चालू होती. त्यांनी तीन बचावपटू आणि भरगच्च मधली फळी अशी रचना केली. बाकीच्यांनी मैदान सांभाळावं, म्हणजे मॅराडोनाला मोकळं सोडता येईल, हा त्यामागचा विचार. त्याच रचनेतून २२ जून १९८६ रोजी इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाची गोलपर्यंतची ती धाव निघाली. ज्याला पुतळ्यात बसवायचं होतं तो बोरोकोतोचा गल्लीतला पोरगा शेवटी बिलार्दोंच्या तक्त्यात खेळला. हाताने केलेला गोलही त्याच सामन्यातला, अवघ्या चार मिनिटांच्या अंतराने, आणि तो लबाडीचाच होता. चाहत्यांनी त्याला दैवी म्हटल्याने त्यात फरक पडत नाही. पश्चिम जर्मनीविरुद्धचा अंतिम सामना ३-२ असा जिंकल्यावरही दोन्ही गोल कॉर्नरवर खाल्ले म्हणून बिलार्दो खट्टू होते, असं सांगतात. सुबेल्दियांचा शिष्य शोभतो. १९९० मध्ये मात्र याच विचाराची दुसरी बाजू दिसली. संपूर्ण स्पर्धेत पाच गोल, पेनल्टींच्या भरवशावर अंतिम फेरी, आणि तिथे दोन खेळाडू बाहेर. तो संघ बघणं ही शिक्षा होती.

हा वाद आकड्यांनी मिटवायचा प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. हवाई दलातले हिशेबनीस चार्ल्स रीप १९५० पासून सामन्यातला प्रत्येक पास कागदावर नोंदवू लागले. १९६८ मध्ये सांख्यिकीतज्ज्ञ बर्नार्ड बेंजामिन यांच्यासह त्यांनी निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या नोंदींनुसार सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांनंतर होतात. मग लांब मारा, लवकर मारा, हीच योग्य पद्धत ठरली आणि १९८० च्या दशकात इंग्लिश फुटबॉल संघटनेच्या प्रशिक्षण विभागातही हा विचार मान्य झाला. चूक मात्र ढळढळीत होती. चेंडू ताब्यात आल्यावर तीन किंवा कमी पासांतच तो जाण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांहून जास्त असतं. नव्वद टक्के प्रयत्नांतून ऐंशी टक्के गोल येत असतील तर उरलेल्या थोड्या, लांबलेल्या चालीच अधिक फलदायी ठरतात. माइक ह्यूज आणि इयन फ्रँक्स यांनी २००५ मध्ये हे रीतसर मांडलं. तोवर इंग्लंडमधल्या मुलांची एक पिढी चेंडू डोक्यावरून जाताना बघत मोठी झाली होती.

यावरून पासांचा खेळ श्रेष्ठ ठरतो का? स्पेनचं २०१० पाहा. पासांच्या खेळाचा तो कळस, आणि सात सामन्यांत आठ गोल. आजवरच्या कोणत्याही विश्वविजेत्यापेक्षा कमी. बाद फेरीतले चारही सामने १-० असे. चेंडू आपल्याकडे असला की समोरच्याला गोल करता येत नाही, एवढा तो बचाव होता. म्हणजे इथेही दोन्ही घराण्यांची सरमिसळच.

अर्जेंटिनाने ही सरमिसळ अखेर उघडपणे मान्य केली. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झालेले लिओनेल स्कालोनी खेळाडू म्हणून एस्तुदियान्तेसमध्ये होते, म्हणजे बिलार्दोंच्या घरचे. त्यांच्या कारकिर्दीत, २०१९ मध्ये, राष्ट्रीय संघांचे संचालक म्हणून नेमले गेले ते ऐंशी वर्षांचे मेनोत्ती. कतारच्या विश्वचषकात सौदी अरेबियाकडून हरल्यावर स्कालोनींनी संघ बदलला आणि पुढे जवळजवळ दर सामन्याला बदलला. नेदरलँड्सविरुद्ध तीन बचावपटू, क्रोएशियाविरुद्ध मधल्या फळीत चौघे, अंतिम सामन्यात फ्रान्सविरुद्ध दि मारिया डाव्या बगलेला. प्रत्येक वेळी प्रश्न तोच होता, समोर कोण आहे आणि आपल्याकडे कोण आहे. गोलरक्षक मार्तिनेसने पेनल्टीच्या वेळी चेंडू दूर फेकून फ्रेंच खेळाडूला डिवचलं, तेही याच अंतिम सामन्यात. पुढच्या वर्षी नियमावलीतच सुधारणा होऊन गोलरक्षकाचं असं लक्ष विचलित करणं मना झालं. योग्य-अयोग्याची रेघ कुठे मारायची हे मला इथे दिसतं. किती बचावपटू खेळवले, चेंडू किती वेळ ठेवला, लांब मारला की जवळ दिला, यात अयोग्य असं काही नाही. कोंबिनच्या नाकावर बसलेलं कोपर, १९८६ चा हात, पंचाची आणि प्रतिस्पर्ध्याची फसवणूक, हे अयोग्य आहे, मग ते कोणत्याही घराण्याचं असो.

कोल्हापुरात तालमींच्या नावाने संघ उतरतात आणि शाहू स्टेडियमवर हजारो लोक त्यांच्यासाठी जीव टाकतात. विश्वचषक आला की त्याच पेठांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात. देखण्या खेळाचा अभिमान तिथेही आहे, गोव्यातही आहे, आणि तो असावा. पण बचाव करून जिंकलेल्या संघाला भेकड म्हणण्याआधी वाचकांनी एक करावं. १९७८ आणि १९८६ या दोन्ही अंतिम सामन्यांचं पूर्ण चित्रण आज सहज मिळतं. या दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही पाठोपाठ बघा, प्रशिक्षक कोण हे विसरून, आणि यातला कलावंतांचा संघ कोणता ते स्वतः ठरवा.