बाउन्सच्या गावात माइक कुणाकडे?

हिप-हॉप म्हटलं की मर्दानगी मिरवणारा, समलिंगी पुरुषांना शिव्या घालणारा रॅपर डोळ्यांपुढे येतो. हे चित्र खोटं नाही. पण न्यू ऑर्लिन्समध्ये याच हिप-हॉपचं जे झालं, ते पाहून थक्क व्हायला होतं.

न्यूयॉर्कच्या 'द शोबॉइज'ने १९८६ मध्ये 'ड्रॅग रॅप' ही रेकॉर्ड काढली. तिचे तुकडे न्यू ऑर्लिन्सच्या डीजेंनी पुन्हापुन्हा वाजवले आणि १९९०च्या सुमारास 'बाउन्स' जन्मला. गाणारा आरोळी ठोकतो, गर्दी ती झीलकऱ्यांसारखी उचलते. वस्त्यांची नावं पुकारली जातात, कंबरा हलू लागतात.

१९९८ मध्ये मेल्पोमीन या गरिबांच्या सरकारी वसाहतीतली केटी रेड माइक घेऊन उभी राहिली. केटी ट्रान्स स्त्री. समोर कुणी निवडक, उदारमतवादी श्रोते नव्हते. वस्तीतलीच पोरंपोरी होती. ती सगळी बेभान नाचली! वर्षभरात केटीचा अल्बमही आला. तिच्यामागे कोरसमध्ये गाणारी बिग फ्रीडिया पुढे तिच्याहून मोठी झाली. चर्चच्या गायकवृंदात आवाज घडलेली ही समलिंगी कलावंत 'तो' म्हणा की 'ती', दोन्हींना ओ देते. तिच्या कार्यक्रमात पुढची जागा बायकांची. त्या मनसोक्त नाचतात, पुरुष मागे सरकतात. मला तर माइकइतकीच ही जागेची उलथापालथ महत्त्वाची वाटते.

हे आभाळातून पडलेलं नाही. याच शहरातल्या 'ड्यू ड्रॉप इन' या कृष्णवर्णीयांच्या क्लबात पॅट्सी व्हिडेलिया हा कलावंत स्त्रीवेशात सूत्रसंचालन करायचा. १९५५ मध्ये रेकॉर्डिंगच्या मधल्या सुट्टीत लिटल रिचर्डने तिथल्याच पियानोवर 'टुटी फ्रुटी' बडवलं. मूळ शब्द इतके चावट, की ते सोवळे करायला डोरोथी लाबॉस्ट्री या गीतकार बाईंना बसवावं लागलं. आणि हे गाणं रॉक अँड रोलच्या पायातला दगड!

२०१६ मध्ये बियॉन्सेच्या 'फॉर्मेशन'मध्ये फ्रीडियाचा आवाज घुमला, २०१८ मध्ये ड्रेकच्या 'नाइस फॉर व्हॉट'मध्येही. दोन्ही व्हिडिओंत फ्रीडिया मात्र कुठेच नाही. आवाज हवा, चेहरा नको, असा हा हिशेब; फ्रीडियाने त्याबद्दलची नाराजी उघड बोलून दाखवली. २०१८ मध्येच ड्रेकने 'इन माय फीलिंग्स'चा व्हिडिओ न्यू ऑर्लिन्समध्ये चित्रित केला, तेव्हा त्यात ती दिसली.