औषधांना न जुमानणारे जिवाणू आणि त्यांची वंशावळ: गैरसमज व वस्तुस्थिती

पेण किंवा रोहा येथील उपजिल्हा रुग्णालयातून अलिबागला, पनवेलला अथवा मुंबईला हलवलेल्या रुग्णाच्या रक्तात औषधांना दाद न देणारा जिवाणू सापडला, की ‘त्याच्या शरीराला औषधांची सवय झाली’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात प्रतिरोध निर्माण होतो तो जिवाणूत, शरीरात नव्हे. म्हणूनच ज्याने ते प्रतिजैविक कधीच घेतलेले नाही, अशा शेजारच्या खाटेवरील रुग्णालाही तोच जिवाणू गाठू शकतो.

कल्चर तपासणी झाली म्हणजे सर्व कळले, हा समजही अपुरा आहे. कल्चरमधून जिवाणूची जात आणि त्यावर चालणारे औषध कळते. जनुकीय वर्गीकरण मात्र दोन रुग्णांतील जिवाणू एकाच वंशातील आहेत का, हे शोधते. त्यासाठी १९९८ पासून रूढ झालेल्या पद्धतीत जिवाणूच्या साधारण सात मूलभूत जनुकांची तुलना होते, तर आता संपूर्ण जनुकक्रम, म्हणजे क्लेब्सिएलासारख्या जिवाणूत ५० लाखांहून अधिक अक्षरे, वाचता येतो.

सर्वांत दिशाभूल करणारा समज असा, की दोघांत एकच प्रतिरोधक जनुक सापडले म्हणजे एकाकडून दुसऱ्याला लागण झाली. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कार्बापेनेम या राखीव औषधगटाला न जुमानणाऱ्या २४ जिवाणूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ जनुक आढळले, आणि ते क्लेब्सिएला, ई. कोलाय अशा भिन्न जातींत होते. हे जनुक बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरील डीएनएच्या छोट्या वर्तुळावर असते आणि एका जातीतून दुसरीत जाते; त्यामुळे जनुक एक असूनही वंश निरनिराळे असू शकतात.

याउलट, दोन रुग्णांची कधी गाठच पडली नाही म्हणून संबंध नाही, असेही मानता येत नाही. अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात २०११ मध्ये क्लेब्सिएलाची बाधा असलेली एक रुग्ण घरी गेल्यावर सुमारे तीन आठवड्यांनी दुसरा रुग्ण आढळला. संपूर्ण जनुकक्रमातील मोजक्याच अक्षरांच्या फरकावरून साखळी पहिल्या रुग्णापर्यंत पोहोचली आणि लक्षणे नसलेल्या वाहकांमार्फत जिवाणू मूकपणे पसरला असावा, असे दिसले. एकूण १८ जणांना बाधा झाली, ११ दगावले, त्यांपैकी सहा मृत्यू या संसर्गामुळे झाले. मृत्यूंचा हा आकडा पाहता वंशावळ शोधणे ही केवळ शास्त्रीय हौस म्हणता येत नाही.

जनुकक्रम वाचणारे यंत्र प्रत्येक तालुक्यात हवे, हाही गैरसमजच. लहान रुग्णालयाने प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी नमुना घ्यावा आणि प्रयोगशाळेने वाढवलेला जिवाणू फेकून न देता तारखेसह गोठवून ठेवावा, हे अधिक निकडीचे आहे. कारण वंश एकच निघाला तर हातांची स्वच्छता, बेसिनचे निचरे व व्हेंटिलेटर तपासावे लागतात, आणि वेगवेगळे निघाले तर प्लाझ्मिडचा प्रसार व प्रतिजैविकांचा वापर.