रुमाल नाकावर, विष पाठीवर

ऑगस्टच्या अखेरीस यवतमाळ-वर्धा पट्ट्यातल्या कापसाच्या कुठल्याही वावराशी उभं राहा. पाठीवर पंप घेतलेला मजूर दिसेल. अंगात जुना शर्ट, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय बहुधा अनवाणी आणि नाकातोंडाला रुमाल नाहीतर दुपट्टा घट्ट बांधलेला. धोका त्याला कळत नाही असं मुळीच नाही. कळतो म्हणून तर रुमाल बांधलाय. ज्याचा वास येतो ते वासाच्याच वाटेने आत शिरत असणार, असा त्याचा हिशेब असतो. शहरात बसून त्याच्या अडाणीपणावर बोलणाऱ्यांचाही हिशेब तोच असतो. उघड्या रानातल्या फवारणीपुरता तरी तो चुकतो. पंपातून उडणारे बहुतेक थेंब फुप्फुसात खोलवर पोचण्याइतके बारीक नसतात. ते अंगावर बसतात, कपड्यांत मुरतात आणि कातडीतून आत जातात.

२०१७ साली जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किमान वीस माणसं दगावली. शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले, काहींना काही दिवस डोळ्यांनी दिसेनासं झालं. त्या हंगामात गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीला जुमानत नव्हती, त्यामुळे फवारण्यांचा धडाका सुरू होता. पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच आणि दाट वाढली होती. बॅटरीवरचे स्वस्त पंप हातात आले होते. आणि एका औषधाने भागत नाही म्हणून दोन-तीन कीटकनाशकं, वर एखादं टॉनिक, असं सगळं एकाच टाकीत कालवलं जात होतं. चौकश्या झाल्या, विशेष तपास पथक नेमलं गेलं, आणि सुरक्षासाधनं न वापरणाऱ्या शेतकऱ्या-मजुरांकडे बोट दाखवून बरेच जण मोकळे झाले. हे बोट कितपत बरोबर होतं, हे पाहायचं तर या विषयावर साठेक वर्षांत झालेलं संशोधन पाहावं लागतं.

कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वात जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हा रंग ठरतो प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरून: किती मात्रेला निम्मे उंदीर मरतात, त्यावर. म्हणजे डब्यातला माल किती विषारी आहे हे त्यावरून कळतं. तो माल माणसाच्या अंगावर किती आला, कुठे आला, किती वेळ राहिला, हे त्रिकोणावरून कळत नाही. व्यावसायिक आरोग्याचा अभ्यास करणारे लोक या दुसऱ्या प्रश्नातच आयुष्य घालवतात. पिवळ्या त्रिकोणाचं औषध दिवसभर अंगावर झिरपलं, तर बंद डब्यातल्या लाल त्रिकोणापेक्षा ते कितीतरी घातक.

अंगावर किती आलं ते मोजायचं कसं? अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात वेनाची नावाचं सफरचंदांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव आहे. तिथे डरहॅम आणि वुल्फ या संशोधकांनी फवारणी करणाऱ्या कामगारांच्या खांद्यांवर, छातीवर, हातांवर, मांड्यांवर शोषकागदाचे तुकडे चिकटवले. काम संपल्यावर ते काढून प्रत्येकात किती कीटकनाशक जमलं ते तपासलं, हात धुऊन ते पाणीही तपासलं आणि श्वासातून किती गेलं ते वेगळं मोजलं. त्यांची ही पद्धत १९६२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आली आणि पुढे जगभर वापरली गेली. उघड्यावरच्या फवारणीत कातडीवर येणारा भाग श्वासातल्या भागाच्या कित्येक पट भरतो, हे अशा मोजमापांतून पुनःपुन्हा दिसलं.

नंतर रिचर्ड फेन्स्के यांनी आणखी नामी युक्ती काढली. टाकीत कीटकनाशकाबरोबर अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिसळायचा. काम संपलं की कामगाराला अंधाऱ्या खोलीत, कपडे उतरवून, अतिनील दिव्यासमोर उभं करायचं. साध्या उजेडात अंग स्वच्छ दिसतं. दिवा लागला की बाह्यांच्या टोकांशी, कॉलरच्या आत, शिवणींच्या रेषांवर ठिपके उजळतात. हातमोजे घातलेल्याच्या बोटांवरही. मोजा काढताना बाहेरचं हाताला लागतं, तोच हात पुन्हा मोज्यात जातो आणि मग मोजा विषाला आतच कोंडून ठेवतो. संरक्षक कपडा घातला म्हणजे माणूस सुरक्षित झाला, या समजुतीला या दिव्याने तरी पार उघडं पाडलं.

सगळी कातडी सारखी नसते, हे तिसरं काम. १९७१ मध्ये हॉवर्ड मायबाख आणि सहकाऱ्यांनी पॅराथिऑन हे जहाल कीटकनाशक माणसांच्या शरीरावर वेगवेगळ्या जागी लावून आत किती शोषलं जातं ते लघवीतून मोजलं. मनगट ते कोपर या भागातून सुमारे ९ टक्के. तळहातातून १२. पोटावरून १८ ते १९. डोक्याच्या कातडीतून ३२, कपाळावरून ३६, काखेतून ६४. आणि वृषणाच्या कातडीतून जवळपास शंभर टक्के, म्हणजे लावलं तेवढं सगळं आत. (मायबाख आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने साठ-सत्तरच्या दशकांत कॅलिफोर्नियातल्या वॅकाव्हिलच्या तुरुंगातल्या कैद्यांवर कीटकनाशकांचे प्रयोग केले होते. त्याबद्दल त्यांच्या विद्यापीठाने २०२२ मध्ये जाहीर माफी मागितली. मजुराला वाचवू शकणारं ज्ञान असं दुसऱ्या बिनआवाजाच्या माणसांच्या अंगावरून आलं, हे नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही.)

आता हे आकडे डोक्यात ठेवून पुन्हा पऱ्हाटीच्या तासात या. पाठीवरच्या पंपाचं झाकण जुनं असतं, त्याचं वायसर झिजलेलं. मजूर वाकला, बांध ओलांडला की टाकीतलं पाणी हिंदकळतं आणि झाकणातून पाठीवर येतं. पाठीवरून कमरेवर, कमरेवरून खाली. ज्या जागेतून शंभर टक्के शोषण होतं, नेमकं तिथे. ओली पँट दुपारपर्यंत अंगावरच वाळते. हातातली नळी पुढे धरून तो चालतो, म्हणजे आत्ताच भिजवलेल्या झाडांमधून स्वतःच वाट काढतो. मांड्या आणि पोटऱ्या सतत घासत राहतात. पीक कमरेइतकं असेल तर एवढंच. २०१७ सारखं डोक्याला लागलं, तर नोझल वर धरावं लागतं आणि फवारा कपाळावर, डोळ्यांत, मानेवर परत येतो. त्यात सप्टेंबरचा दमट उकाडा. घामाने भिजलेली, गरम कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त शोषते. मधल्या सुट्टीत तोच हात खर्रा घोटतो. पाणी दूर असेल तर भाकरीही त्याच हाताने खाल्ली जाते.

या चित्रात बाई सहसा दिसत नाही, कारण पंप पुरुषाच्या पाठीवर असतो. पण हौदातून पाणी आणणं, बाटलीतलं दाट औषध बादलीत ओतणं, काठी सापडली नाही तर हातानेच ढवळणं, पंप भरून देणं ही कामं पुष्कळदा तिची. पंपातलं पाणी म्हणजे औषध शेकडो पट पातळ केलेलं. बाटलीतलं तसं नाही. तळहातातून कमी शोषलं जातं हे खरं, पण मूळ दाट द्रावणाचे चार थेंब पातळ फवाऱ्याच्या कितीतरी भिजण्याला भारी पडतात. २००३ च्या ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये भारतातल्या तीन गावांत फ्रांचेस्का मांचिनी आणि सहकाऱ्यांनी एक साधा पण अस्सल अभ्यास केला. कापूस पिकवणाऱ्या ५० बायकांनीच दर फवारणीनंतर स्वतःला आणि घरातल्या पुरुषांना काय त्रास झाला याच्या नोंदी ठेवल्या. ३२३ नोंदींपैकी ८३.६ टक्क्यांत सौम्य ते तीव्र विषबाधेची काही ना काही लक्षणं होती. औषध कालवणाऱ्या, पंप भरणाऱ्या बायकांना धोका पुरुषांइतकाच होता. दवाखान्याच्या रजिस्टरात यातलं फारच थोडं उतरतं. डोकं दुखणं, अंग खाजणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं याला गावात आजार म्हणत नाहीत, ‘औषध लागलं’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातात.

आत गेल्यावर काय होतं, ते औषधावर अवलंबून आहे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. नसेने स्नायूला किंवा ग्रंथीला दिलेला संदेश काम झाल्यावर पुसून टाकणं, हे या विकराचं काम. तो पुसलाच गेला नाही की ग्रंथी पाझरत राहतात, स्नायू फडफडत राहतात: तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, दरदरून घाम, उलटी, जुलाब, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि शेवटी छातीत स्राव भरून श्वास अडतो. यावर ॲट्रोपिन आहे, आणि वेळेत मिळालं तर माणूस वाचतो. पण टाकीत तीन गटांची औषधं असतील, त्यातलं एखादं असं असेल की ज्यावर उतारा नाही, तर डॉक्टरला फक्त लक्षणांवर उपचार करता येतात. सोबत आलेला माणूस बहुतेक वेळा ‘कापसाचं औषध होतं’ एवढंच सांगू शकतो. बाटली बांधावर राहिलेली असते.

या सगळ्यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे किट: मास्क, चष्मा, हातमोजे, ॲप्रन. वाटपाचे फोटो छान येतात. व्यावसायिक आरोग्याच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात मात्र उपायांच्या उतरंडीत ही साधनं तळाशी असतात. धोक्याची वस्तूच काढून टाका, जमत नसेल तर कमी धोक्याची आणा, यंत्र सुधारा, कामाची पद्धत बदला. अंगावर घालायच्या वस्तू सर्वात शेवटी, कारण सगळा भार त्यात एकट्या कामगारावर पडतो. रबरी ॲप्रन घालून विदर्भाच्या उन्हात दोन तास पंप मारून पाहिलेल्या माणसाला यावर व्याख्यान द्यायची गरज नाही. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या आचारसंहितेतही हेच आहे: ज्या कीटकनाशकासाठी त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी सुरक्षासाधनं लागतात, ते उष्ण हवामानातल्या छोट्या शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी वापरण्याचं टाळावं. म्हणजे किट वापरता येत नसेल तर दोष मजुराकडे जाण्याआधी औषधाकडे जातो.

औषधं काढून टाकली तर शेती बुडेल, ही भीती नेहमी दाखवली जाते. श्रीलंकेने १९९५ पासून एकेक करून मोनोक्रोटोफॉस, एन्डोसल्फान, पॅराक्वाट अशी जहाल रसायनं बंद केली. तिथला आत्महत्यांचा दर पुढच्या दोन दशकांत सुमारे ७० टक्क्यांनी उतरला, आणि पिकांचं उत्पन्न घसरल्याचं अभ्यासकांना दिसलं नाही. आपल्याकडे मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ मध्येच बंदी आली होती, पण कापसावर ते चालूच राहिलं. त्याचं सर्रास विकलं जाणारं ३६ टक्क्यांचं द्रावण बंद करण्याचा आदेश निघाला २०२३ मध्ये, आणि तोही आधीचा साठा मुदत संपेपर्यंत विकण्याची मुभा ठेवून.

भरपाईची गोष्ट आणखी गुंत्याची. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात शेतीत कीटकनाशकं फवारणाऱ्या कामगाराचा उल्लेख होता. पण मालक म्हणजे पाच एकराचा कर्जबाजारी शेतकरी, अनेकदा स्वतःच दुसरा पंप पाठीवर घेतलेला. त्याच्याकडून काय वसूल करणार? उत्पादकाकडे जावं तर पुरावा हवा. यवतमाळच्या पीडितांच्या वतीने २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या न्यायालयात सिंजेंटा कंपनीवर दावा दाखल झाला. आपल्या उत्पादनामुळे हे घडल्याचं कंपनीने नाकारलं. कोणत्या दिवशी, कोणत्या बाटलीतून, कुणाच्या अंगात किती गेलं, हे मोजून ठेवलेलं नसेल तर असा वाद वर्षानुवर्षं चालतो.

मोजून ठेवता येतं. कॅलिफोर्नियात १९७४ पासून ऑरगॅनोफॉस्फेट हाताळणाऱ्या कामगारांची हंगामाआधी कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी होते. या विकराची पातळी माणसागणिक वेगळी असते, त्यामुळे ज्याची त्याची आधीची नोंद नसेल तर नंतरचा आकडा नीट वाचताच येत नाही. पुढे ठरावीक काळाने रक्त तपासतात. तांबड्या पेशींतलं विकर मूळ आकड्याच्या ७० टक्क्यांवर आलं की त्या माणसाला फवारणीवरून हटवायचं आणि ८० टक्क्यांपर्यंत सावरल्याशिवाय परत घ्यायचं नाही. लक्षणं दिसायची वाट पाहायची नाही.

मृग लागायच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्रात फवारणी मजुरांचं रक्त एकदा तपासून तो आकडा त्यांच्या कार्डावर लिहून ठेवणं, हे अशक्य काम नाही. अडचण त्याच्या पुढची आहे. आठवड्यात चार मालकांच्या वावरात पंप मारणाऱ्या मजुराचा आकडा सप्टेंबरात उतरला आणि डॉक्टरने त्याला तीन आठवडे फवारणी बंद सांगितली, तर ऐन हंगामातल्या त्या तीन आठवड्यांची मजुरी त्याला कोण देणार, हे अजून कुठल्याच परिपत्रकात आलेलं नाही.