वसईची आडवी वाट : कळंबच्या किनाऱ्यापासून तुंगारेश्वरपर्यंत

मुंबईकरांना चालायला जायचे म्हटले की कर्जत, लोणावळा, माथेरान ही नावे आधी आठवतात. पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे येणारे पदभ्रमणकर्ते त्या मानाने थोडे. त्यातले बरेचसे वसईला उतरून किल्ला पाहतात, विरारला उतरून जीवदानीच्या पायऱ्या चढतात किंवा तुंगारेश्वरच्या ओढ्यात पाय बुडवून संध्याकाळच्या गाडीने परततात. या वाटा चांगल्याच आहेत. पण शाळेच्या सहलीसाठी या भागातली सर्वांत उपयोगी वाट कोणत्याच पाटीवर लिहिलेली नाही. ती किनाऱ्याला काटकोनात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. कळंबचा समुद्रकिनारा, निर्मळ, गास, सोपारा गाव, नालासोपारा स्थानक, मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि शेवटी तुंगारेश्वरचा डोंगर. सरळ रेषेत हे अंतर चौदा-पंधरा किलोमीटर भरेल. मुलांना ते दोन दिवसांत विभागून द्यावे. मधला शहरी टप्पा बसने केला तरी काही बिघडत नाही.

निघण्यापूर्वी मुलांपुढे एक प्रश्न ठेवावा. समुद्राला लागून असलेल्या वाड्यांमधल्या विहिरींचे पाणी गोडे, आणि तिथून काही किलोमीटर आत, गासच्या बाजूच्या सखल जमिनीत मात्र पाणी खारे. हे उलटे कसे? समुद्रापासून दूर जावे तसे पाणी गोडे व्हायला नको का? उत्तर लगेच देऊ नये. ते वाटेवर सापडते.

कळंबला भरती-ओहोटीची वेळ पाहून जावे. कोकणातला जुना हिशोब इथे उपयोगी पडतो : तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, तीच ही पाऊण घटका नव्हे, पाऊण तास. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. ओहोटीला गेलात तर किनाऱ्याचा खरा विस्तार दिसतो आणि ओल्या वाळूवर पाण्याने काढलेल्या रेघा मुलांना मोजता येतात.

या किनारपट्टीवर काही ठिकाणी वाळूतून खडकाचे पिवळसर थर डोके वर काढतात. हातात तुकडा घेऊन पाहा : शिंपल्यांचे चुरे, वाळूचे कण, मधूनच एखादा अखंड शंख, आणि सारे एकमेकांना घट्ट चिकटलेले. कोकणात याला करळ म्हणतात. हा खडक ज्वालामुखीतून आलेला नाही, तो समुद्राने बांधलेला आहे. शिंपल्यांतला चुना पाण्यात थोडा विरघळतो, पुन्हा कणांच्या फटींत साका धरून बसतो आणि वाळूचे सिमेंट होते. भूशास्त्राच्या हिशोबाने हे कालपरवाचे काम आहे, काही हजार वर्षांपलीकडचे नाही. करळावर लिंबाचा रस किंवा प्रयोगशाळेतले विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले की बुडबुडे येतात. तुकडा खिशात ठेवावा. डोंगरावर पुन्हा लागणार आहे.

किनारा सोडून आत वळले की सुरूची झाडे लागतात आणि मग वाड्या सुरू होतात. केळी, नारळ, विड्याच्या पानांचे मांडव, फुलझाडे, भाजीपाला. आगाशीची सुकेळी इथल्याच केळीची. पायाखाली मात्र अजून वाळूच आहे. समुद्राने आणि वाऱ्याने रचलेला हा पुळणीचा लांबट उंचवटा उत्तर-दक्षिण पसरला आहे, आणि वसईची जुनी गावे नेमकी त्यावर बसली आहेत. सामवेदी, वाडवळ, भंडारी, कोळी या लोकांनी पिढ्यान् पिढ्या याच वाळूत बागायत केली. आता प्रश्न असा की समुद्रापासून हाकेच्या अंतरावर त्यांना गोडे पाणी मिळाले कुठून?

पहिले उत्तर : पावसातून. वसईच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी सरासरी दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो असे धरू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे एका गुंठ्यावर वर्षाला दोन लाख लिटर पाणी पडते. हा गुणाकार मुलांकडूनच करून घ्यावा. उत्तर पाहून त्यांचा विश्वास बसत नाही. यातले काही वाफ होऊन जाते, काही वाहून जाते, पण वाळू इतकी सच्छिद्र असते की बराच भाग जागच्या जागी मुरतो.

दुसरे उत्तर जास्त गमतीचे आहे. मुरलेले पाणी खाली गेल्यावर तिथे आधीच असलेल्या खाऱ्या पाण्याला भेटते. मग दोन्ही मिसळून सगळेच मचूळ का होत नाही? वाळूतले पाणी फार संथ चालते, ढवळले जात नाही. आणि गोडे पाणी हलके असते. एक लिटर गोडे पाणी एक किलोग्रॅमचे, तर एक लिटर समुद्राचे पाणी सुमारे १.०२५ किलोग्रॅमचे. म्हणून बर्फ जसा पाण्यावर तरंगतो, तसे जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते. किती खोल? खाऱ्या पाण्याच्या ४० मीटर उंच स्तंभाचे वजन पेलायला गोड्या पाण्याचा ४१ मीटरचा स्तंभ लागतो. म्हणजे विहिरीतली पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर त्याखाली चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असायला हवे. हा हिशोब हॉलंडमध्ये घायबेन आणि जर्मनीत हर्झबर्ग यांनी एकोणिसाव्या-विसाव्या शतकांच्या संधीवर स्वतंत्रपणे मांडला. प्रत्यक्षात वसईच्या वाळूखाली चिकणमाती आणि खडकही आहे, आणि खारे-गोडे यांच्यामध्ये मिश्र पाण्याचा पट्टा असतो. तेव्हा चाळीस मीटर हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. एकास चाळीस हे प्रमाण मात्र ध्यानात ठेवावे, कारण ते उलटेही चालते. पातळी अर्धा मीटर उतरली की खालून खारे पाणी वीस मीटर वर चढू पाहते.

वाड्यांमधली जुनी व्यवस्था या प्रमाणाशी किती जुळती होती ते पाहा. विहिरीवर रहाट असे. बैल किंवा रेडा गोल फिरे, माळेतले पोहरे एकामागून एक भरून येत. काम संथ, जनावर थकले की थांबे, आणि तेवढ्या वेळात विहीर पुन्हा भरे. शिवाय वाडीच्या सखल कोपऱ्यात बावखल असे. बावखल म्हणजे बांधीव काठ नसलेले, खणून काढलेले तळे. पावसाळ्यात ते काठोकाठ भरते, सावकाश भोवतालच्या जमिनीत झिरपत राहते, आणि उन्हाळ्यात त्यातून शिंपणेही होते. शिंपलेले पाणी पुन्हा वाळूतच मुरते. आज अनेक बावखले बुजवली गेली आहेत. जी शिल्लक आहेत त्यांच्याकडे डासांचे डबके म्हणून पाहणाऱ्यांना मुलांनी हा हिशोब जरूर सांगावा.

रहाटाच्या जागी इंजिने आणि विजेचे पंप आले. त्यात वाडीच्या शिंपण्यापुरते पाणी उपसले जाई तोवर फारसे बिघडले नाही. १९८० आणि १९९० च्या दशकांत रेल्वेच्या दोन्ही बाजूंना वसाहती वाढल्या आणि त्यांना पाणी पुरवण्यासाठी वाड्यांमधल्या विहिरींवर टँकर उभे राहू लागले. शिंपलेले पाणी परत जमिनीत जाते. टँकरने गेलेले पाणी परत येत नाही. हरित वसई संरक्षण समितीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली जो लढा दिला तो याच पाण्यासाठी आणि याच हिरव्या पट्ट्यासाठी होता. त्या लढ्याविषयी मते काहीही असोत, त्यामागचे विज्ञान एकास चाळीस एवढे साधे आहे.

वर्गात हे दाखवायला एक उंच काचेचा पेला पुरे. तळाशी मिठाचे, थोडी लाल शाई घातलेले पाणी घ्यावे. वर चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू साधे पाणी सोडावे. दोन थर वेगळे दिसतात. आता सरबताच्या नळीने वरचे पाणी ओढून पाहा : हळू ओढले तर पांढरे येते, जोरात ओढले तर खालची लाल रेघ नळीकडे चढू लागते. वाडीत परवानगी घेऊन विहिरीच्या पाण्याचे नमुने गोळा करता येतील. सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले की क्लोराइड जितके जास्त तितका पांढरा साका दाट. समुद्राकाठचा, निर्मळचा आणि गासचा असे तीन नमुने शेजारी ठेवले तर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

निर्मळहून गासकडे निघालो की वाळूचा उंचवटा संपतो आणि रस्ता हळूच उतरतो. हा उतार डोळ्यांना जाणवत नाही, सायकलस्वाराला जाणवतो. केळी-नारळ मागे पडतात. चिखलट, सपाट, मोकळी जमीन सुरू होते. ही खाजण जमीन. भरतीचे पाणी जिथवर येते तिथे तिवरे. तिवराचे पान जिभेला लावून पाहा, खारट लागते. मुळांनी अडवूनही जे मीठ आत येते ते हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. चिखलात हवा नसते म्हणून त्याची श्वसनमुळे पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात. दक्षिणेला वसई-नायगावकडे अशाच सपाटीवर मिठागरे आहेत.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. पाणी गोडे की खारे हे समुद्रापासूनच्या अंतरावर ठरत नाही; जमिनीची उंची आणि माती यांवर ठरते. वाळूचा उंचवटा पावसाचे पाणी साठवतो. खाजणातली चिकणमाती ते मुरू देत नाही, आणि भरतीचे पाणी मागच्या दाराने, खाडीवाटे, तिथवर पोचते. जुन्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये वसईचे वर्णन बेट म्हणून येते ते उगीच नव्हे. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, आणि दोहोंना जोडणारी मधली सोपाऱ्याची खाडी.

सोपारा गावात पोचल्यावर मुलांना आणखी एक कोडे घालावे. समुद्र इतका दूर, मग हे प्राचीन बंदर कसे? अशोकाच्या काळी, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, हे ठाणे इतके महत्त्वाचे होते की इथे त्याचे शिलालेख कोरले गेले. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला, नवव्याचा १९५६ मध्ये भुईगावला. त्याच १८८२ मध्ये भगवानलालांनी इथल्या ‘बुरूड राजाचा कोट’ या टेकाडाचे उत्खनन केले आणि तो विटांचा बौद्ध स्तूप निघाला. तो आजही पाहता येतो. जहाजे उघड्या किनाऱ्याला लागत नसत. खाडीतून आत शिरून वादळवाऱ्यापासून आडोशाला येत. बंदर समुद्रावर नव्हते, त्या मधल्या खाडीवर होते. खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर संपले.

यापुढचा टप्पा दाट वस्तीचा. विरारहून मुंबईला पहिली लोकल १८६७ मध्ये सुटली. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये स्थापन झाली, आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. हा भाग बसने ओलांडून महामार्गावर तुंगारेश्वर फाट्याला उतरावे. इथून मंदिरापर्यंत तीनेक किलोमीटरचा जंगलातला रस्ता आहे. २००३ मध्ये हे अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि तानसा अभयारण्य यांच्यामधला हा दुवा आहे.

पायाखाली आता काळा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. खिशातला करळाचा तुकडा आणि इथला दगड शेजारी ठेवून दोन्हींवर आम्ल टाका : करळ फसफसतो, बेसाल्ट ढिम्म. बेसाल्ट वाळूसारखे पाणी पीत नाही. ते फक्त भेगांत आणि वरच्या मातीच्या थरात मुरते. ती माती धरून ठेवतात साग, ऐन, पळस, कारवी यांची मुळे. पावसाच्या एका सरीनंतर उघड्या उतारावरचा ओहोळ आणि झाडीतला ओहोळ पाहा. पहिला गढूळ आणि घाईत, दुसरा उशिरा सुरू होतो आणि उशिरापर्यंत चालतो.

रस्ता ओढा ओलांडतो तिथे थांबून मुलांना विचारावे, हे पाणी कुठे जाते? सहाशे मीटरहून उंच डोंगराच्या पश्चिम उतारावरचे पाणी आपण आलो त्याच वाटेने उलटे उतरते : महामार्गाखालून, वस्तीतून, रेल्वेच्या भरावाखालच्या मोऱ्यांतून त्या मधल्या खाजणात. पुढे वाळूचा उंचवटा आडवा असल्याने सरळ समुद्रात शिरता येत नाही. दक्षिणेला किंवा उत्तरेला वळून खाडी गाठावी लागते, आणि खाडीत उधाणाची भरती असेल तर पाणी उतरेपर्यंत ते खाजणातच थांबते. पूर्वी तिथे थांबायला जागा होती. आता त्या जागेवर मातीचे भराव आणि इमारती आहेत. जुलै २०१८ मध्ये वसई आणि नालासोपारा येथे रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या, मिठागरांतली माणसे अडकली. पाऊस मोठा होता हे खरे. पण पाणी साचले ते कुठल्याही नव्या ठिकाणी नाही, जुन्या खाडीच्या जागी.

सहलीसाठी नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने बरे. पावसाळ्यात तुंगारेश्वरचे ओढे फार सुंदर दिसतात, पण उतार तीव्र आणि खडक घट्ट असल्याने वर पडलेली सर काही मिनिटांत खाली पोचते. बुडून जीव गेल्याच्या घटना इथे घडल्या आहेत, आणि प्रवेशबंदी असेल तर ती पाळावीच. वनविभागाची परवानगी आधी घ्यावी. सोबत भूनकाशा, दोरी, झाकणाच्या सहा बाटल्या आणि थोडे आम्ल शिक्षकाने स्वतःजवळ ठेवावे. पहिल्या दिवशी कळंब ते सोपारा, दुसऱ्या दिवशी तुंगारेश्वर. आणि पहिल्या दिवसाची तारीख पंचांग पाहून ठरवावी : शुद्ध किंवा वद्य तृतीयेच्या आसपास सकाळी आठ-नऊला ओहोटी मिळते.